जंगल आपलं, पण फाटक कुणाच्या हातात? : अमेरिकेतल्या काळ्या जमीनमालकांचा इतिहास आणि आपला सातबारा

आपल्या चळवळीत जमिनीचा विषय निघाला की दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक गट म्हणतो, "गावच्या त्या दोन एकर बरड-झुडपात काय ठेवलंय? विका आणि शहरात फ्लॅट घ्या. बाबासाहेबांनीच खेडं सोडायला सांगितलं होतं." दुसरा गट अलीकडचा आहे. तो म्हणतो, "विकू नका, तिथे तंबू टाका, रिसॉर्ट काढा, शहरातले लोक झाडाखाली झोपायला पैसे देतात. आपणही उद्योजक होऊ."

दोन्ही मतं घाईची आहेत. झाडोऱ्याच्या जमिनीवर शहरी माणसाच्या सुट्टीतून पैसा मिळतो, हे खरं आहे. पण तो कुणाला मिळतो हे झाडं ठरवत नाहीत. कागद कुणाच्या नावावर आहे, आत कुणाला सोडायचं हे कोण ठरवतो आणि धंदा कुणाच्या भांडवलावर उभा आहे, या तीन गोष्टी ते ठरवतात. यासाठी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा दीडशे वर्षांचा अनुभव आपण वाचला पाहिजे. जुलै १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिल्या जाणाऱ्या निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. दोन समाजांनी एकमेकांच्या अनुभवातून शिकायचं, ही वाट त्यांनीच दाखवली आहे. जमिनीच्या बाबतीत आपण त्या वाटेने फारसे गेलो नाही.

स्वातंत्र्याचा पहिला अर्थ: जमीन

१२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात वीस काळे धर्मोपदेशक जनरल शर्मनला भेटले. त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला जमीन हवी, ती आमच्या कष्टाने कसून आम्ही आमचं पोट भरू. चार दिवसांत शर्मनचा आदेश निघाला. दक्षिण कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायची. जून १८६५ पर्यंत सुमारे ४०,००० माणसं अशा जमिनीवर वसली. मात्र लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी ती जमीन जुन्या मालकांना परत द्यायला लावली. ज्यांनी राष्ट्राविरुद्ध युद्ध केलं त्यांना जमीन मिळाली आणि ज्यांनी राष्ट्रासाठी रक्त सांडलं त्यांना बाहेर काढण्यात आलं.

१८६६ साली दक्षिणेतल्या पाच राज्यांतली सुमारे ४ कोटी ६० लाख एकर सरकारी जमीन लहान कुटुंबांना देण्याचा कायदा झाला. यातली बरीच जमीन पाइनचं दाट जंगल किंवा दलदल होती. ती साफ करायला बैल, अवजारं आणि वर्षभराचं धान्य लागत होतं, आणि नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. १८७६ मध्ये हा कायदा रद्द झाला आणि मोठमोठ्या लाकूड कंपन्या व सट्टेबाजांनी तीच जंगलं लाखो एकरांनी विकत घेतली. "शेतीला निरुपयोगी" म्हणून गरिबाला न परवडलेली जमीन श्रीमंताच्या हातात गेल्यावर सोन्याची झाली.

शिकार: आधी हक्क, मग गुन्हा, मग धंदा

युद्धापूर्वी दक्षिणेत एक जुनी वहिवाट होती. ज्या जमिनीला कुंपण नाही, तिथे कुणीही गुरं चारावीत, शिकार करावी, मासे धरावेत. गुलामसुद्धा रात्री जंगलात जाऊन ससा, पॉसम पकडून पोटाला आधार देत. मुक्ती मिळाल्यावर हे जंगल काळ्या माणसाचं खरं बळ ठरलं. ज्याच्या ताटात जंगलातून चार घास येतात, तो मळेवाल्याच्या दारात कवडीमोल मजुरीला उभा राहत नाही.

मळेवाल्यांनी हे लगेच ओळखलं. मिसिसिपीच्या १८६५ च्या कायद्याने मुक्त काळ्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. पुढच्या दशकांत राज्याराज्यांत कुंपणाचे, विनापरवाना प्रवेशाचे आणि शिकारीचे कायदे आले. पूर्वी जनावरं बाहेर ठेवण्यासाठी पिकाला कुंपण घालावं लागे. आता जनावरच बांधून ठेवण्याची सक्ती झाली. ज्याच्याकडे स्वतःची जमीन नाही, त्याने गाय बांधायची कुठे आणि चारायची कुठे? वन्यजीवांच्या रक्षणाची भाषा होती, पण या कायद्यांमागे स्वस्त मजूर टिकवण्याचा मळेवाल्यांचा मोठा हितसंबंध होता. आपल्याकडे १८७८ च्या वनकायद्याने कोल्ह्याकुत्र्यांपेक्षा माणसांनाच जास्त हाकललं. ते ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हक्क गुन्हा झाला, त्यानंतरच तो विकता आला. १८८० च्या दशकापासून उत्तरेकडचे कारखानदार हिवाळा घालवायला दक्षिण जॉर्जियात थॉमसव्हिल भागात येऊ लागले. कापसाचे पडीक मळे स्वस्तात मिळत होते. क्लीव्हलंडच्या हॅना कुटुंबातल्या मेलव्हिल हॅनाने १८९६ मध्ये पेबल हिल हा मळा घेतला. असे मळे एकामागून एक विकले गेले. पीक काढणं हा त्यांचा मुख्य हेतू राहिला नाही. हे मळे आता बॉबव्हाइट नावाच्या, आपल्याकडच्या लाव्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीसाठी होते. दक्षिण कॅरोलिनात बर्नार्ड बारूक या वॉल स्ट्रीटवरच्या धनिकाने १९०५ पासून हॉबकॉ बॅरनी ही हजारो एकरांची जागा शिकारीसाठी घेतली. पुढे तिथे चर्चिल आणि रूझवेल्ट पाहुणे म्हणून राहून गेले. त्याच जागेत फ्रेंडफील्ड नावाच्या वस्तीत काळी कुटुंबं राहत होती, गुलामीच्या काळातल्या झोपड्यांत.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. बॉबव्हाइट घनदाट जंगलात वाढत नाही. त्याला मधेमधे छोटी शेतं, बांधावरचं गवत आणि दरवर्षी जाळून मोकळं केलेलं पाइनचं रान लागतं. हे रान तसं कुणी ठेवलं होतं? काळ्या कुळांनी. त्यांच्या एकदोन एकरांच्या तुकड्यांनी आणि दरसाल हलकी आग लावण्याच्या पद्धतीने. १९२४ पासून हर्बर्ट स्टॉडर्ड या शास्त्रज्ञाने या भागात अभ्यास केला आणि १९३१ मध्ये त्याचा बॉबव्हाइटवरचा ग्रंथ आला. सरकारी वनखातं त्या वेळी आगीच्या पूर्ण विरोधात होतं. स्टॉडर्डने दाखवलं की ही आगच पक्ष्याला जगवते. ज्ञान आणि श्रम काळ्यांचे होते. शिकारीच्या गाडीचे घोडे हाकणारा काळा, कुत्री शिकवणारा काळा, स्वयंपाक करणारी बाई काळी. मालकी, कीर्ती आणि बंदूक मात्र गोऱ्याची. करमणुकीच्या अर्थव्यवस्थेत जातीची उतरंड अशी बसते. आपल्याकडच्या हिल स्टेशनांवर आणि अभयारण्यांच्या दारातल्या रिसॉर्टांवर जाऊन कोण मालक आहे आणि कोण चादरी बदलतो याची मोजणी करा, चित्र ओळखीचं वाटेल.

आयडलवाइल्ड: स्वतःचं रान, स्वतःची सुट्टी

मग प्रश्न येतो, काळ्यांनी स्वतः हा धंदा केला नाही का? केला, आणि दिमाखात केला.

मिशिगन राज्यातल्या लेक काउंटीत लाकूड कंपन्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत पांढऱ्या पाइनची जंगलं तोडून नेली होती. उरली रेताड जमीन, वाढणारी नवी झाडी आणि तळी. १९१२ च्या सुमारास काही गोऱ्या जमीन-व्यावसायिकांनी ही जागा घेऊन तिचे छोटे प्लॉट पाडले आणि शिकागो, डेट्रॉइटच्या काळ्या मध्यमवर्गाला विकायला काढले. किंमत ३५ डॉलर, सहा डॉलर रोख आणि पुढे महिन्याला एक डॉलर. तेव्हा काळ्या डॉक्टरलाही गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नव्हती. पोहायच्या तळ्यात पाय बुडवायला मनाई होती. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या अंगात आहे, त्यांना हे वाक्य पुन्हा वाचावं लागणार नाही.

म्हणून आयडलवाइल्ड वाढलं. १८९३ मध्ये हृदयावर शस्त्रक्रिया यशस्वी करणारे काळे शल्यविशारद डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांनी तिथे जमीन घेतली आणि १९३१ मध्ये तिथेच देह ठेवला. ड्यू बॉइस यांनी प्लॉट घेतले आणि १९२१ मध्ये 'द क्रायसिस' मासिकात या जागेचं कौतुक केलं. हळूहळू हॉटेलं, नाचघरं, किराणा दुकानं, घोड्यांचे तबेले, भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, आणि मालक काळे होते. १९५० च्या दशकात आर्थर ब्रॅग्ज यांच्या कार्यक्रमात देशातले नामवंत काळे गायक-नर्तक यायचे. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी तिथे पंचवीस हजार लोक जमत, असं सांगितलं जातं. १९३६ पासून तीस वर्षं निघत राहिलेल्या 'ग्रीन बुक' या पुस्तिकेने काळ्या प्रवाशाला कुठे अपमानाशिवाय थांबता येईल ते सांगितलं. हार्लेममध्ये राहणाऱ्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने ती काढली होती. आयडलवाइल्ड हे अशा प्रवाशांचं राजधानीचं गाव होतं.

१९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला. हॉटेलं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा सर्वांना खुल्या झाल्या. आणि आयडलवाइल्ड ओस पडू लागलं.

यावर आपल्यातले काही जण म्हणतील, "बघा, समतेनेच आपला धंदा बुडवला." हा निष्कर्ष चुकीचा आणि धोकादायक आहे. कायद्याने दार दोन्ही बाजूंनी उघडलं, पण वाहतूक एकाच दिशेने झाली. काळी गिऱ्हाइकं गोऱ्यांच्या रिसॉर्टांत गेली. गोरी गिऱ्हाइकं काळ्यांच्या हॉटेलात आली नाहीत. शिवाय बदलत्या काळाप्रमाणे खोल्या, रस्ते, सांडपाणी सुधारायला भांडवल लागतं, आणि काळ्या मालकाला बँका सहज कर्ज देत नव्हत्या. जो धंदा दुसऱ्याच्या बंद दारामुळे चालतो, त्याचा पाया त्या दाराइतकाच टिकतो. आपल्या "दलित उद्योजकते"च्या चर्चेत हा धडा गायब आहे. समाजापुरता चालणारा धंदा ही सुरुवात असू शकते. त्याला बाजारातलं समान भांडवल आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यातला जातीचा अंत, दोन्ही लागतात.

कागद नसेल तर जंगल नाही

सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळ्याच वाटेने झालं. इतक्या अडथळ्यांतूनही काळ्या कुटुंबांनी पै-पै जोडून १९१० च्या सुमारास दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन मिळवली होती. पुढच्या शंभर वर्षांत त्यातली सुमारे ९० टक्के हातातून गेली. हिंसा, कर्जातला भेदभाव, सरकारी कृषी कार्यालयांचा पक्षपात ही कारणं आहेतच. त्यांच्या जोडीला एक शांत कारण आहे: सामाईक वारसांची मिल्कत.

पणजोबाने जमीन घेतली. गोऱ्यांच्या कोर्टावर आणि वकिलावर विश्वास नव्हता, म्हणून मृत्युपत्र केलं नाही. तीन पिढ्यांत पन्नास-साठ वारस झाले, काही न्यूयॉर्कला, काही शिकागोला. जमीन कधी वाटली गेली नाही. मग एक बिल्डर दूरच्या एका वारसाला गाठतो, त्याचा छोटासा हिस्सा थोडक्या पैशात घेतो आणि कोर्टात जातो: "मला माझा वाटा वेगळा करून द्या." कोर्ट म्हणतं, इतके तुकडे करता येणार नाहीत, सगळी जमीन लिलावात काढा. लिलावात पैसा कुणाकडे असतो? बिल्डरकडे. १९५६ मध्ये हिल्टन हेड बेटाला पूल झाला, गोल्फ आणि समुद्रकिनाऱ्याची रिसॉर्टं आली, जमिनीचे भाव आणि कर चढले. मुक्तीपासून तिथे राहणाऱ्या काळ्या गला-गीची कुटुंबांच्या जमिनी त्यानंतर अशा लिलावांत आणि करवसुलीत जात राहिल्या. म्हणजे सहलीच्या पैशाने त्यांना श्रीमंत केलं नाही, त्या पैशानेच त्यांना उठवलं.

आता उलट बाजू पाहा. पाइनचं झाड शेवटच्या तोडणीला यायला साधारण पंचवीस-तीस वर्षं लागतात, पण मालमत्ता कर दरवर्षी भरावा लागतो. या दोहोंच्या मधल्या फटीत गरीब जमीनमालक मरतो. तिथे शिकारीचा भाडेपट्टा कामाला येतो. अमेरिकेत वन्यप्राणी जमीनमालकाचे नसतात, ते राज्याचे. मालक विकतो तो फक्त आत येण्याचा हक्क. हरणांच्या किंवा टर्कीच्या मोसमापुरता एखादा शिकारी क्लब एकरी ठरलेली रक्कम देतो. झाड तुटत नाही आणि वर्षाचा कर निघतो. कुणी पक्षी पाहायला, कुणी तंबू ठोकायला, कुणी घोड्यावरून फिरायला जागा देतो. रक्कम मोठी नसते, पण जमीन लिलावात जाण्यापासून वाचवायला तेवढी पुरू शकते.

पण यातही कायद्याची मेख आहे. १९५३ मध्ये मिशिगनपासून सुरू झालेले आणि पुढे राज्याराज्यांत पोचलेले कायदे सांगतात की लोकांना फुकट फिरू देणाऱ्या मालकावर अपघाताची जबाबदारी सहसा येत नाही. पैसे घेतले की ते संरक्षण साधारणपणे जातं. म्हणून लेखी करार हवा, विमा हवा, विहीर-खड्ड्यांची खूण हवी. आणि लेखी करारावर सही कोण करणार? ज्याच्या नावावर स्वच्छ कागद आहे तो. साठ वारसांच्या जमिनीला भाडेकरू मिळणं कठीण, बँकेचं कर्ज कठीण, सरकारी योजना कठीण.

म्हणून तिथल्या चळवळीने आधी कागदाला हात घातला. चार्ल्सटनमध्ये २००५ पासून सामाईक वारसांच्या मिल्कतीसाठी काम करणारं केंद्र उभं राहिलं. मृत्युपत्रं करून देणं, वारसांचा वंशवृक्ष लावणं, नाव स्वच्छ करणं, ही त्याची मुख्य कामं. २०१० मध्ये वारसांना आधी हिस्सा विकत घेण्याची संधी देणारा आणि पडेल भावातला लिलाव रोखणारा नमुना कायदा तयार झाला आणि अनेक राज्यांनी तो घेतला. २०१३ च्या सुमारास दक्षिणेतल्या काळ्या वनमालकांसाठी खास कार्यक्रम सुरू झाला. त्यात वकील आणि वनतज्ज्ञ एकत्र बसतात. आधी नाव, मग जंगलाचा आराखडा, मग उत्पन्न. हा क्रम महत्त्वाचा आहे.

सामुदायिक मालकीचंही एक उदाहरण आहे. १९६९ मध्ये जॉर्जियात ऑल्बनीजवळ नागरी हक्क चळवळीतल्या चार्ल्स आणि शर्ली शेरॉड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू कम्युनिटीज' ही संस्था काढली. ५,७०० एकर जमीन, मालकी सगळ्यांची मिळून. दुष्काळात सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये सगळं गेलं. काळ्या शेतकऱ्यांनी कृषी खात्याविरुद्ध भेदभावाचा खटला लढवला, त्यातून २००९ मध्ये या संस्थेला सुमारे १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मिळाली. त्या पैशातून त्यांनी १,६०० एकरांचा सायप्रस पाँड हा मळा घेतला. एकेकाळी तो जॉर्जियातल्या बड्या गुलाममालकाचा होता. आज तिथे पेकनच्या बागा आहेत, शिबिरं आणि परिषदा भरतात, लोक राहायला येतात. गुलामाच्या नातवंडांनी मालकाच्या वाड्यात पाहुण्यांची व्यवस्था ठेवली आहे, आणि या वेळी गल्ला त्यांच्या हातात आहे.

आपल्याकडे काय?

अमेरिकेचा साचा जसाच्या तसा इथे बसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खासगी वनं सरकारजमा झाली. वनजमिनीवर बिगरवन काम करायला १९८० च्या कायद्याची परवानगी लागते. म्हणून "झाडी आहे, तंबू टाकू" म्हणण्याआधी सातबारावर 'खासगी वन' किंवा 'राखीव वन' असा शेरा आहे का, हे पाहावं लागतं.

पण मूळ दुखणं तेच आहे. महार वतनाच्या जमिनींचं काय झालं ते आठवा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं शेवटी १९५८ च्या कायद्याने रद्द झाली आणि जमीन कब्जेहक्काची रक्कम भरून परत मिळाली, तीही हस्तांतराच्या शर्तीवर. १९५९ आणि १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. इतक्या लढ्यातून आलेल्या जमिनीचा आजचा उतारा काढून पाहा. अनेक ठिकाणी मेलेल्या आजोबांचं नाव, त्याखाली वीस-तीस सामाईक वारस, मुलींची नावं गाळलेली, वाटप नाही. आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबांची सामाईक मिल्कत आणि आपला सामाईक सातबारा ही एकाच आजाराची दोन नावं आहेत.

वनहक्काच्या कायद्यातही आपल्याला पाहण्यासारखं आहे. २००६ च्या कायद्यानुसार आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. जंगलात राहणाऱ्या बिगरआदिवासींना, म्हणजे त्यातल्या दलितांनाही, तीन पिढ्यांचं, ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. ज्या समाजाला गावाच्या दप्तरात जागाच नव्हती, त्याच्याकडे ७५ वर्षांचा पुरावा मागणं हा न्याय कसला? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने सामूहिक वनहक्क मिळवून दाखवून दिलं आहे की ग्रामसभा जंगलाचा कारभार आणि उत्पन्न स्वतः सांभाळू शकते. तिथे पाहुणा कुणाच्या परवानगीने येतो, हे ग्रामसभा ठरवू शकते. प्रश्न आहे तो आपल्या वस्त्यांना त्या ग्रामसभेत किती आवाज आहे याचा.

बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं, हे अर्धं वाक्य आहे. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये (१९४७) त्यांनी शेतजमिनीच्या राष्ट्रीयीकरणाची आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. जातीच्या खेड्यातून बाहेर पडायचं होतं. जमिनीवरचा हक्क सोडायला त्यांनी सांगितलं नव्हतं.

म्हणून कार्यकर्त्यांना विनंती आहे. रिसॉर्टचं स्वप्न नंतर पाहू. या वर्षी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतले सातबारे आणि फेरफार काढावेत. वारसनोंदी लावाव्यात, त्यात मुलींची नावं घालावीत. एकमत असेल तिथे तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करावा. एकट्याने विकता येऊ नये असं वाटत असेल तिथे सहकारी संस्था करावी. वतन जमिनीची शर्त काय आहे, वनाचा शेरा आहे का, हे वकिलाला दाखवावं. एवढं झालं की मग शहरातला माणूस आपल्या झाडाखाली झोपायला येवो, पक्षी पाहायला येवो. पावती आपल्या नावाची फाटेल. नाहीतर तोच माणूस येईल, तेच झाड असेल, आणि आपली पोरं फाटकावर शिट्टी वाजवत उभी असतील.

जय भीम!